क्सांथी: भाड्याची गाडी घेऊन ग्रीक थ्रेसमध्ये

क्सांथीला गाडी हवी ती पोचण्यासाठी आणि आजूबाजूला फिरण्यासाठी. शहरात शिरलात की ती हॉटेलजवळ लावायची आणि चावी खोलीत ठेवून द्यायची. एवढं एक पथ्य पाळलं तर बाकीचा प्रवास सोपा आहे. ते न पाळता जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत गाडी घालणारे लोक मात्र निम्मी सुट्टी रिव्हर्स गिअरमध्ये काढतात.

आधी शहराची ओळख. ईशान्य ग्रीसमध्ये, बल्गेरियाच्या सीमेवरच्या रोदोपी डोंगरांच्या पायथ्याशी हे साठेक हजार वस्तीचं गाव आहे. तुर्की बोलणारे त्याला इस्केचे म्हणतात. हा मुलूख पाचशेहून जास्त वर्षं ऑटोमन साम्राज्यात होता. 1912-13च्या बाल्कन युद्धांत तो सुलतानाच्या हातून गेला, काही वर्षं बल्गेरियाकडे राहिला आणि 1920 साली ग्रीसला जोडला गेला. पुढे 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी धर्म पाहून लोकसंख्येची अदलाबदल केली. त्यातून ज्यांना वगळलं त्यांत एका बाजूला इस्तंबूलचे ग्रीक होते, तर दुसऱ्या बाजूला या पश्चिम थ्रेसचे मुसलमान. म्हणून ग्रीसच्या इतर शहरांत मशिदींची गोदामं झाली, सिनेमागृहं झाली किंवा त्या नुसत्याच पडून राहिल्या. इथे मात्र त्यांत आजही नमाज होते. क्सांथीचं वेगळेपण नेमकं हे आहे. इथला ऑटोमन वारसा तिकीट काढून बघायचा नाही, तो शेजारच्या घरात राहतो आणि शनिवारी भाजी विकायला बसतो.

तुर्की बोलणारे, डोंगरातले पोमाक म्हणजे बल्गेरियनसारखी बोली बोलणारे मुसलमान, रोमा म्हणजे जिप्सी, 1922 नंतर आशिया मायनर (आजचं तुर्कस्तान) आणि काळ्या समुद्राकाठून आलेल्या ग्रीक निर्वासितांची नातवंडं-पतवंडं, थोडे आर्मेनियन, आणि विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखांमुळे देशभरातून आलेली पोरं, असे सगळे इथे एकत्र आहेत.

आधी कागद

ग्रीसचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. गाडीसाठी तुमचं मूळ भारतीय लायसन्स आणि त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, दोन्ही हवेत. आयडीपीचा अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून करता येतो. त्याची फी 1000 रुपये आणि मुदत एक वर्षाची. अर्जासोबत काय काय जोडायचं ते पोर्टलवर बघा आणि निघायच्या बरंच आधी अर्ज टाका. भारताबाहेर पडल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. डिजिलॉकरमधलं लायसन्स काउंटरवर चालेल या भरवशावर राहू नका, प्लास्टिकचं कार्ड खिशात ठेवा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मंडळींना तिथल्या फोटोकार्ड लायसन्सवर आयडीपी लागत नाही.

क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असायला हवं. ‘हिचं कार्ड, माझं लायसन्स’ ही जोडी बहुतेक ठिकाणी परत पाठवली जाते. कंपनी त्या कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवते, त्यामुळे मर्यादा पुरेशी आहे ना ते बघा, आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या.

गाडी कुठून घ्यावी

पर्याय तीन आहेत: थेसालोनिकी, कवाला आणि अलेक्सांद्रूपोली. कवालाचा विमानतळ क्सांथीला सर्वांत जवळचा, चाळीसेक किलोमीटरवर. अलेक्सांद्रूपोली पूर्वेला शंभराहून थोडं जास्त अंतरावर आहे. थेसालोनिकी पश्चिमेला, जवळजवळ 200 किलोमीटर लांब. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला मी थेसालोनिकीच सुचवेन. विमानं जास्त, गाड्यांची निवड जास्त, आणि पुढचा सगळा रस्ता महामार्गाचा. उजव्या बाजूनं चालवायची सवय अशाच रस्त्यावर लवकर होते, कारण समोरून कोणी येत नाही.

मात्र मुंबईहून आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे रात्रभर प्रवास करून उतरल्या उतरल्या स्टिअरिंग धरू नका. ती रात्र थेसालोनिकीत झोपा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. भाड्याचा एक दिवसही वाचतो.

गाडी छोटी घ्या. चार माणसांच्या चार मोठ्या बॅगा असतील तर एक पायरी वर जा, पण एसयूव्हीचा मोह नको. डोंगरातले रस्ते डांबरी आहेत आणि गावांतले अरुंद. ऑटोमॅटिक हवी असेल तर फार आधी बुक करावी लागते आणि ती महागही पडते. पण डाव्या हाताऐवजी उजव्या हातानं गिअर टाकायचा आणि शिवाय रस्त्याची बाजूही बदलायची, हे दोन्ही एकदम नको वाटत असेल तर ते पैसे खुशाल मोजा.

काउंटरवर

इथे घाई करू नका, मागे रांग असली तरी. विम्यात तुमच्या खिशाला किती रकमेपर्यंत झळ बसणार तो आकडा विचारा. नेहमीच्या विम्यात टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बहुधा धरलेला नसतो; पोमाक गावांकडे जाणार असाल तर तो भाग धरणारा विमा घेतलेला बरा. पेट्रोलचा करार ‘भरलेली घ्या, भरलेली द्या’ असाच करा. दुसरा चालक असेल तर त्याचं नाव तिथेच नोंदवा. नाव नसलेल्या माणसानं चालवताना ठोकली तर विमा हात वर करतो.

सीमेचा प्रश्न आवर्जून विचारा. क्सांथीच्या उत्तरेला थेर्मेसजवळून बल्गेरियातल्या झ्लातोग्रादला रस्ता जातो, आणि पूर्वेला किपीवरून तुर्कस्तानात. नकाशावर दोन्ही हाताच्या अंतरावर वाटतात. भाड्याची गाडी कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय सीमेपार नेता येत नाही आणि तुर्कस्तानासाठी ती सहसा मिळत नाही. शिवाय तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. इस्तंबूल बघायचंच असेल तर जाता-येता विमानाच्या थांब्यात बघा.

गाडी ताब्यात घेताना मोबाईलवर एक सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही चाकांच्या रिमा, पुढची काच, छत, आणि शेवटी पेट्रोलचा काटा नि किलोमीटरचा आकडा. आधीचा प्रत्येक ओरखडा कागदावर लिहून घ्या. डिकी उघडून स्टेपनी आहे की नुसतं टायर फुगवायचं किट आहे तेही बघून ठेवा. लहान मूल सोबत असेल तर त्याचं आसन सक्तीचं आहे, ते बुकिंगच्या वेळीच सांगा.

पहिले वीस किलोमीटर

आपल्याकडच्या मारुती-ह्युंदाई चालवणाऱ्यांचा उजवा हात इंडिकेटरवर जातो आणि काचेवर वायपर फिरू लागतो, कारण तिथे इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. हे पहिल्या दिवशी होणारच; घाबरू नका, दुसऱ्या दिवशी हात सरावतो. खरा धोका दोन ठिकाणी असतो. एक, डावीकडे वळताना: वळल्यावर नवीन रस्त्याची उजवी बाजू धरायची असते आणि मेंदू जुन्या सवयीनं डावी धरतो. दुसरा, पेट्रोल पंपावरून किंवा रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना, जेव्हा समोर बघून शिकायला दुसरी गाडीच नसते. शेजारी बसलेल्यानं अशा प्रत्येक वेळी मोठ्यानं ‘उजवी’ म्हणावं. नवरा-बायकोत यावरून खटका उडतो, पण पद्धत चांगली आहे. डावीकडे बसून चालवताना गाडी नकळत उजव्या कडेला झुकते, त्यामुळे उजव्या आरशाकडे आणि फूटपाथकडे पहिला तासभर लक्ष असू द्या.

महामार्गावर वेगमर्यादा 130, एरवी शहराबाहेर 90 आणि वस्तीत जास्तीत जास्त 50. गल्लीबोळांत अनेक ठिकाणी 30चा फलक दिसेल. दारूची मर्यादा कडक आहे. जेवणासोबत त्सिपुरो मागवायचं असेल तर चालत परत जाता येईल अशाच खानावळीत बसा. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. ग्रीक चालक जायला एक आणि यायला एक अशाच पट्ट्या असलेल्या रस्त्यावर अर्धी गाडी कडेच्या पट्टीत घेऊन मागच्याला पुढे जाऊ देतात. तुम्हीही जागा द्या, पण वळणावर नाही. समोरून हेडलाइट मारला तर त्याचा अर्थ आपल्याकडच्यासारखाच, ‘मी येतोय, थांब’.

दिशाफलकांवर नाव आधी पिवळ्या अक्षरांत ग्रीक लिपीत असतं आणि तेच पांढऱ्या अक्षरांत रोमन लिपीत. नजर पांढऱ्यावर ठेवा. महामार्गाचे फलक हिरवे, एरवीचे निळे, प्राचीन ठिकाणांचे तपकिरी.

थेसालोनिकीहून पूर्वेला जाणारा रस्ता म्हणजे एग्नातिया ओदोस, 670 किलोमीटरचा महामार्ग, पश्चिम किनाऱ्यावरच्या इगुमेनित्सापासून तुर्की सीमेपर्यंत. रोमनांनी बांधलेल्या व्हिया एग्नातियाचं नाव त्याला दिलंय आणि थेसालोनिकीच्या पूर्वेला मार्गही साधारण तोच आहे. वाटेत टोलनाके आहेत, रोख आणि कार्ड दोन्ही चालतं. सुटी नाणी वरच्या खणात ठेवा आणि कर्मचारी बसलेली रांग धरा; तुमच्या गाडीला टॅग नसेल तर स्वयंचलित रांगेत शिरू नका. पंप मात्र या महामार्गावर विरळ आहेत, तेव्हा काटा निम्म्यावर आला की भरून घ्या. पंपावर माणूस येऊन भरून देतो. शिसंविरहित पेट्रोलला तो ‘आमोलिव्दी’ म्हणेल. तुमच्या गाडीत डिझेल घालायचं की पेट्रोल हे झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, उतरून दाखवा.

कवालाला तासभर थांबण्यासारखं आहे. शहराच्या मधोमध सोळाव्या शतकातला ऑटोमन जलसेतू एकावर एक रचलेल्या कमानींवर उभा आहे आणि त्याखालून रोजची वाहतूक जाते. इजिप्तचा पुढे राजकर्ता झालेला मुहम्मद अली 1769 मध्ये इथेच जन्मला. त्यानं गावासाठी बांधलेलं इमारेत, म्हणजे मदरसा आणि अन्नछत्राचा मोठा वाडा, बंदराच्या वर दिसतो. आता तिथे महागडं हॉटेल आहे. कवालातून क्सांथी पन्नास-पंचावन्न किलोमीटर.

शहरात शिरताना

हॉटेल निवडताना किमतीआधी पार्किंग बघा. मुख्य चौकाच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेच्या सपाट भागात घेतलंत तर गाडीही लागते आणि जुनी वस्ती पायी दहा-पंधरा मिनिटांत येते. जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्यात राहायचं स्वप्न असेल तर मालकाला आधी विचारा की गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे बॅगा कोण उचलणार. तिथे फरसबंद चढ आहेत, चाकांची बॅग त्यावर ओढणं शिक्षाच. आणि नकाशाच्या अ‍ॅपवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. ते तुम्हाला सर्वांत जवळचा रस्ता दाखवतं, मग तो आरसे दुमडूनही पार होत नसला तरी. रस्त्याकडेचे पार्किंगचे नियम फलकावर वाचा. कोपऱ्यांवर आणि उतारांच्या तोंडाशी गाडी लावू नका.

जुनं गाव, पायी

सुरुवात मुख्य चौकातून करा. तिथला घड्याळाचा मनोरा 1870 सालचा, एका मुस्लिम धनिकानं बांधून दिलेला. त्याच्याजवळची मशीद दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियन ताब्याच्या काळात पाडली गेली, मनोरा राहिला. त्याच्याखाली बसून कॉफी घेणाऱ्यांत सगळ्या जमातींची माणसं असतात आणि टेबलं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. हेही बघण्यासारखं आहे.

तिथून उत्तरेला चढत जा. 1829 मध्ये लागोपाठच्या भूकंपांनी क्सांथी जमीनदोस्त झालं होतं. आज दिसतं ते जुनं गाव त्यानंतर उभं राहिलेलं आहे, आणि ते उभं राहिलं तंबाखूच्या पैशावर. इथला बास्मा जातीचा तंबाखू पानानं लहान, वासानं मोठा. त्याच्या जोरावर व्यापाऱ्यांनी जे वाडे बांधले त्यांत इस्तंबूलची, मध्य युरोपची आणि स्थानिक डोंगरी धाटणी एकाच भिंतीत नांदते. एका घराला शास्त्रोक्त ग्रीक खांब आणि त्याच्या शेजारच्या घराचा वरचा मजला लाकडी टेकूंवर रस्त्यावर झुकलेला, अंगणाभोवती उंच भिंत, म्हणजे वरून बायकांना रस्ता दिसावा पण रस्त्याला त्या दिसू नयेत. हे झुकलेले मजले समोरासमोर आले की गल्लीत आभाळाची एक पट्टीच उरते. त्या गल्लीत उभं राहून टेकूंचं लाकूड जवळून बघा: काहींवर नवा रंग आहे, काहींवर जुन्या चार रंगांचे पापुद्रे, आणि एखाद्या ठिकाणी मजला वाकलाय म्हणून खाली लोखंडी नळी ठोकलेली. सगळं डागडुजी केलेलं नाही आणि तेच बरं आहे.

दोन घरं आतून बघा. कुयुम्त्झोग्लू भावांचा जोडवाडा, जिथे आता लोकजीवन आणि इतिहासाचं संग्रहालय आहे. दोन तंबाखू व्यापारी भाऊ, दोन सारखी घरं, मधे एकच भिंत. छतांवरची चित्रं बघताना मान दुखते. दुसरं घर संगीतकार मानोस हाजिदाकिस यांचं. ते 1925 मध्ये क्सांथीत जन्मले आणि पुढे गाण्यासाठी ऑस्कर मिळवलं. त्यांचं घर मुळात एका ज्यू व्यापाऱ्यानं बांधलेलं. क्सांथीचे ज्यू मात्र शोधू नका. 4 मार्च 1943च्या पहाटे बल्गेरियन अधिकाऱ्यांनी थ्रेसभर त्यांना घरांतून उचललं आणि त्यांचा शेवट नाझींच्या त्रेब्लिंका मृत्युछावणीत झाला. संग्रहालयांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि आठवड्यात एक दिवस ती बंद असतात. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन करायला सांगा.

तंबाखूची गोदामं जुन्या वस्तीबाहेर, खालच्या अंगाला आहेत. निपाणीच्या वखारी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती लांबट इमारत, ओळीनं खिडक्या आणि आत पानं निवडणाऱ्यांच्या रांगा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. काही पडली, काही नव्यानं सजवली.

मशिदी चालत्या आहेत, पर्यटनस्थळं नाहीत. नमाजाच्या वेळेआधी-नंतर दार उघडं दिसलं तर बाहेरच्या माणसाला विचारून, जोडे काढून, बायकांनी डोकं झाकून आत जायला हरकत नसते. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. आणि एक सल्ला गप्पांबद्दल. ग्रीक सरकार या लोकांना ‘मुस्लिम अल्पसंख्य’ म्हणतं, त्यांतले पुष्कळजण स्वतःला तुर्क म्हणवतात, पोमाकांमध्ये दोन्ही मतं आहेत. मुफ्तींच्या नेमणुकीवरूनही वाद आहे. कॉफीच्या टेबलावर तुम्ही हा विषय काढू नका. त्यांनी काढला तर ऐका.

शनिवार

सगळा कार्यक्रम शनिवारभोवती आखा, कारण त्या दिवशी क्सांथीचा आठवडी बाजार असतो. रोदोपीतल्या गावांमधून पोमाक बायका डोक्याला रुमाल बांधून उतरतात, मैदानी गावांतले तुर्की बोलणारे शेतकरी येतात, रोमा कपड्यांचे ढीग मांडतात, विद्यार्थी स्वस्त जीन्स शोधतात आणि शहरातल्या आज्या टोमॅटो हातात घेऊन नाक मुरडतात. एकाच विक्रेत्याच्या तोंडून एका गिऱ्हाइकाशी ग्रीक, दुसऱ्याशी तुर्की आणि शेजाऱ्याशी तिसरीच, बल्गेरियनसारखी भासणारी पोमाक बोली ऐकायला मिळते. घ्यायचं काय? डोंगरातला मध, सुकी मिरची, अक्रोड, ऑलिव्ह, आणि सुट्टीच्या दिवसांपुरती फळं. घासाघीस आपल्याइतकी होत नाही. दोन किलो घेतलं तर मूठभर वर मिळतं, तेवढंच. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, विशेषतः रुमालवाल्या बायकांचे.

सकाळी नवापर्यंत पोचा. दुपारी दोनच्या सुमारास आवराआवर सुरू होते. या दिवशी गाडीला हातसुद्धा लावू नका, अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या शहरात आलेल्या असतात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत क्सांथीत यायचं, शनिवार बाजार आणि जुनं गाव, आणि रविवारी, जेव्हा दुकानं बंदच असतात, गाडी बाहेर काढायची. सोमवारी आणि बुधवारीही बरीच दुकानं दुपारनंतर उघडत नाहीत.

लेंटच्या उपवासांआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, इथे मोठा कार्निव्हल असतो; 1966 पासून चालू आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला जुन्या गावाचा उत्सव. दोन्ही वेळी मजा आहे आणि खोली मिळत नाही. मला विचाराल तर मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात ऊन भाजून काढतं.

आता गाडी बाहेर काढा

पहिली फेरी उत्तरेला, पोमाक गावांकडे. स्मिन्थीवरून एहिनोस आणि पुढे थेर्मेसचे गरम पाण्याचे झरे. अंतर फार नाही, पण सगळा घाट आहे. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा. हा पट्टा शीतयुद्धाच्या काळात लष्करी निगराणीत होता. आत शिरायला खास पास लागायचा आणि 1995 मध्ये ते बंधन उठलं. एहिनोसमध्ये घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी चढत जातात, मधून मिनार वर येतो. गाडी गावाच्या तोंडाशी लावा. वळणांवर गुरं-शेळ्या आणि लाकडाचे ट्रक भेटतात, तेव्हा आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायला लाजू नका. महाबळेश्वर-आंबेनळीत हात बसलेल्यांना रस्ता अवघड नाही, फक्त दरी दुसऱ्या बाजूला असते. हिवाळ्यात बर्फ आणि धुकं पडतं, तेव्हा स्थानिकांना विचारल्याशिवाय चढू नका. पेट्रोल क्सांथीतच भरा.

दुसरी फेरी पूर्वेला, कोमोतिनीची, आणि हिला पूर्ण दिवस द्या. जाताना महामार्ग सोडून जुन्या रस्त्यानं पोर्तो लागोसवरून जा. एका बाजूला विस्तोनिदा सरोवर आणि दुसरीकडे समुद्र, मधल्या पाण्यात सेंट निकोलसचा मठ. लाकडी पुलावरून चालत जायचं. उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसतात, म्हणून दुर्बीण असेल तर घ्या. मठात गुडघे-खांदे झाकलेले हवेत.

कोमोतिनी, तुर्कीत ग्युमुल्जिने, या प्रदेशाची राजधानी. क्सांथीइतकी देखणी नाही, पण सरमिसळ इथे जास्त ठळक आहे. येनी मशिदीत इझनिकच्या रंगीत टाइल्स आहेत. तिला लागून अब्दुलहमीदच्या काळातला, 1884चा घड्याळ-मनोरा. तिथून मागच्या बाजाराच्या गल्ल्यांत शिरा. चौदाव्या शतकात गाझी एव्रेनोसनं बांधलेलं अन्नछत्र युरोपातल्या सर्वांत जुन्या ऑटोमन इमारतींपैकी एक आहे आणि आता त्यात चर्चचं संग्रहालय आहे. एवढ्यातच त्या शहराची कहाणी आली. आर्मेनियन चर्चही जवळच आहे. गणितवाल्यांसाठी कारातेओदोरींचं संग्रहालय. बाजारात ताजे भाजलेले हरभरे कागदी पुडीत मिळतात. आपले फुटाणेच, फक्त मीठ जरा जास्त. परत येताना एग्नातियानं या, पन्नासेक किलोमीटर.

दक्षिणेची फेरी अर्ध्या दिवसाची. गेनिसेआ हे तंबाखूचं मूळ ठाणं, 1870च्या आगीनंतर कारभार क्सांथीला हलला. आता शांत खेडं, जुनी मशीद. पुढे आव्दिरा, अणूंची कल्पना मांडणाऱ्या डेमॉक्रिटसचं गाव. संग्रहालय गावात आणि अवशेष समुद्राजवळ काही किलोमीटरवर, तेव्हा दोन वेळा गाडी थांबवावी लागते. सावली नाही, पाणी घ्या. आणि वेळ उरला तर पश्चिमेला नेस्तोसची घळ: तोक्सोतेस किंवा गालानीपर्यंत गाडी, पुढे नदीकाठची पायवाट.

खाण्याचं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे ‘गिगांतेस’, पालकाची ‘स्पानाकोपिता’, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या ‘गेमिस्ता’ (मात्र त्यात खिमा आहे का ते विचारा), सकाळी चीज किंवा क्रीमची ‘बुगात्सा’. चर्चच्या उपवासाचं खाणं ‘निस्तिसिमो’ म्हणून मागा. त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कोळंबी किंवा माकूळ चालतं, तेव्हा त्याबद्दल वेगळं सांगावं लागतं. ‘होरीस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय. गोडात क्सांथीची कार्योका, म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवलेला अक्रोडाचा गोळा, आणि कोमोतिनीचं सुजूक-लोकूम. कॉफी बिनसाखरेची ‘स्केतो’, मध्यम ‘मेत्रियो’, गोड ‘ग्लिको’. गरम वाळूत भांडं ठेवून करतात तिथे बसा. वाळूत भांडं हळूहळू खाली दाबतात, फेस वर येतो, तो उतू जायच्या आत उचलतात. गाळ खाली राहतो, तो पिऊ नका.

परत करताना

विमानतळाजवळ पोचायच्या आत, शेवटच्या पंपावर टाकी भरा आणि पावती जपून ठेवा. पुन्हा तसाच सलग व्हिडिओ काढा, कोणी तपासायला हजर नसलं तर विशेषच. डिकीत, सीटखाली आणि टोलच्या नाण्यांच्या खणात हात घालून बघा. वाटेत पार्किंगची किंवा वेगाची पावती मिळाली असेल तर ती लपवू नका. कंपनी पुढे कार्डावरून दंड वसूल करते आणि वर स्वतःचा आकार लावते. रस्त्यात काही झालंच तर 112 हा एकच नंबर पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशामक तिन्हींसाठी चालतो. थोडी जरी ठोकाठोक झाली तरी पोलिसांची नोंद आणि कंपनीला त्याच क्षणी फोन, नाहीतर विम्याचा दावा अडतो. अनामत रक्कम कार्डावर परत दिसायला काही दिवस लागतात. तोवर करारपत्र आणि दोन्ही व्हिडिओ पुसू नका.